परिक्रमेची रोजनिशी : स्मार्टफोन कसा निवडावा ?

चातुर्मास संपला, म्हणजे महाराष्ट्रांतील कित्येक घरांतून नर्मदेच्या पायीं परिक्रमेचे बेत सुरू होतात. सेवानिवृत्त झालेले आजोबा, मुलांच्या संसारांतून मोकळ्या झालेल्या मावशी, कांहीं महिन्यांची बिनपगारी रजा घेतलेला धाकटा काका, असे नाना वयाचे लोक ओंकारेश्वराहून किंवा अमरकंटकाहून वाट धरतात. चपला कोणत्या, पांघरूण किती, औषधें कोणतीं, हें सर्व ठरल्यावर शेवटीं प्रश्न येतो तो स्मार्टफोनचा. आणि या प्रश्नावर घरांत एकमत क्वचितच होतें. नातवाला कॅमेरे चार हवे असतात. सूनबाईंना वाटतें कीं, रोज रात्रीं चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. ज्यांना जावयाचें ते आजोबा मात्र म्हणतात, "मला रोज चार ओळी लिहून ठेवतां आल्या म्हणजे पुरे." या गलबल्यांत आजोबांचें म्हणणें बहुधा कोणाच्या कानांवर जात नाहीं, आणि दुकानांतून येतो तो नातवाच्या आवडीचा फोन !

आजच्या लेखांत आम्ही आजोबांची बाजू मांडणार आहों. लांबच्या पायीं प्रवासांत रोजनिशी ठेवावयाची असेल, तर फोनची परीक्षा दोनच प्रश्नांनीं करावी असें आमचें मत आहे. दिवसभर चालून थकलेला हात त्यावर सुखानें लिहूं शकतो काय ? आणि लिहिलेलें सुखरूप घरीं येऊन, तो फोन भंगारांत गेल्यावरहि, घरांत वाचावयास मिळेल काय ? या दोन्ही प्रश्नांस होकार देणारा फोन चांगला. मग त्याची किंमत कमी का असेना.

आधीं या प्रवासाचा आवांका ध्यानीं घेऊं. अमरकंटकापासून खंबायतच्या आखातापर्यंत नर्मदेची लांबी सुमारें १,३१२ किलोमीटर आहे. नदी न ओलांडतां दोन्ही तीरें चालावयाचीं, म्हणजे वाट अडीच हजार किलोमीटरांहून अधिक होते. परंपरेप्रमाणें परिक्रमेचा काळ तीन वर्षें, तीन महिने व तेरा दिवस असा सांगितला आहे. हल्लीं पुष्कळ लोक ती कांहीं महिन्यांतच पुरी करतात. तरीहि शंभरावर मुक्काम होतात, आणि प्रत्येक मुक्कामीं अनोळखी माणसांच्या हातचें अन्न खावें लागतें. घरीं परतल्यावर महिन्याभरांतच हीं गांवें एकमेकांत मिसळूं लागतात. मोठाले घाट व मंदिरें लक्षांत राहतात. परंतु ताप आला असतां ज्या घरानें दोन दिवस ठेवून घेतलें, त्या घरधनिणीचें नांवहि आठवत नाहीं. जें विसरूं नये तेंच नेमकें विसरलें जातें. रोजनिशी हवी ती यासाठीं.

आमच्या वाचकांस विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाची ओळख करून देणें नलगे. वरसईचे हे भटजी १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे निघाले व बंडाच्या वणव्यांत सांपडले. त्यांनीं हा वृत्तान्त लिहिला तो १८८३ च्या सुमारास, म्हणजे पंचवीस वर्षें लोटल्यावर, आणि तो छापून निघाला १९०७ सालीं, चिंतामण विनायक वैद्य यांच्या हातून. एवढ्या काळानंतरहि त्यांना झांशीची हकीकत जिवंत उभी करतां आली, हें महाराष्ट्राचें भाग्य. परंतु प्रत्येकाची स्मृति गोडसे भटजींची नसते, आणि प्रत्येकाला पुढें लिहावयास पंचवीस वर्षें मिळतील असेंहि नाहीं. आपल्यासारख्यांनीं त्या त्या दिवशींच लिहिलेलें बरें.

आतां फोनकडे वळूं. पहिला विचार बॅटरीचा. कारण ती संपली कीं सर्वच संपलें. आश्रमांत वा धर्मशाळेंत वीज असली, तरी भिंतीवर सॉकेट एखादेंच असतें आणि त्याभोंवतीं परिक्रमावासी दहा असतात. म्हणून ५,००० एम. ए. एच. अथवा त्याहून अधिक क्षमतेची बॅटरी असलेलाच फोन घ्यावा. सोबत १०,००० एम. ए. एच. ची पॉवर बँक असावी. परंतु तिच्यानें फोन दोन वेळां पूर्ण भरेल असा हिशेब मांडूं नये. पॉवर बँकेवरील आंकडा आंतल्या घटाच्या ३.७ व्होल्ट दाबाचा असतो, आणि बाहेर वीज द्यावयाची ती साधारणतः ५ व्होल्टनें. या रूपांतरांत व नंतर फोनच्या घटांत वीज भरतांना कांहीं भाग उष्णतेच्या रूपानें वायां जातो. प्रत्यक्षांत फोन सुमारें दीड वेळां भरला, तर पदार्थ उत्तम समजावा. फोन, विजेरी आणि पॉवर बँक हीं तिन्हीं 'टाईप-सी' या एकाच जातीच्या वायरीनें भरतील असें पाहिलें, तर पिशवींतील गुंता कमी होतो. आणि वायर तुटली तर शेजाऱ्याकडे मागतांहि येते.

बॅटरी मोठी घेण्यापेक्षां ती जपून वापरणें अधिक फलदायी आहे. जेथें लहरी क्षीण असतात तेथें फोन मनोऱ्याचा शोध घेत राहतो, आणि त्या शोधांतच त्याची शक्ति खर्च होते. शूलपाणीच्या झाडींतून चालतांना हा अनुभव हमखास यावयाचा. अशा ठिकाणीं फोन 'फ्लाईट मोड' मध्यें ठेवावा. तेवढ्यानें वाट दाखविणारें जी. पी. एस. बंद पडतें अशी पुष्कळांची समजूत आहे, ती खरी नव्हे. जी. पी. एस. उपग्रहांचे संदेश केवळ ऐकतें. स्वतः कांहीं पाठवीत नाहीं. नकाशे आधींच उतरवून घेतलेले असले, म्हणजे नेटवर्क नसतांनाहि तें काम देतें. ज्या फोनचा पडदा 'ओलेड' जातीचा असतो, त्यांत काळी जागा दिवा न लावतांच काळी दिसते. यास्तव काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिल्यास आणखी थोडी वीज वांचते. थंडीचीहि काळजी घ्यावी. अमरकंटक सुमारें हजार मीटर उंचीवर आहे, आणि पौष-माघांत तेथें कडाका असतो. लिथियम-आयन बॅटरी गारठली कीं लवकर उतरते, आणि शून्याखालच्या तपमानांत तिला चार्ज केल्यास कायमची इजा होते. रात्रीं फोन उशापाशीं उघडा न ठेवतां पांघरुणांत घ्यावा.

दुसरा विचार पाण्याचा. विक्रेते 'आय. पी. ६७' किंवा 'आय. पी. ६८' असे आंकडे सांगतात. यांतील ६ हा आंकडा धुळीपासून पूर्ण संरक्षणाचा आहे. पुढील ७ चा अर्थ असा कीं, एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास राहूनहि फोन बिघडणार नाहीं. ८ चा अर्थ त्याहून अधिक, पण किती अधिक तें ज्या त्या उत्पादकानें सांगावयाचें. ही परीक्षा प्रयोगशाळेंतील स्वच्छ व स्थिर पाण्यांत, नव्या कोऱ्या फोनवर होते. दोनदां दगडावर आपटलेल्या फोनची चीर बुजविणारी पट्टी तशीच शाबूत असेल याचा नेम नसतो. आणि पाण्यानें झालेलें नुकसान बहुतेक हमीपत्रांतून वगळलेलें असतें. तेव्हां आंकडा चांगला असावा, परंतु विश्वास प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीवर ठेवावा. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारें २५० किलोमीटरांची आषाढी वारी ज्यांना करावयाची असेल, त्यांनीं आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. फोनचा पडदा बोटाचा स्पर्श विद्युत्प्रभारावरून ओळखतो, म्हणून त्यावर पाण्याचे थेंब पडले कीं तो गोंधळतो व अक्षरें भलतींच उमटतात. पावसांत लिहिण्याचा हट्ट न धरतां, मुक्कामीं फोन कोरडा पुसून मग लिहावें. चार्जिंगचें भोंक ओलें असेल तर तें वाळेपर्यंत वायर लावूंच नये.

तिसरा विचार प्रत्यक्ष लिहिण्याचा. हा सर्वांत महत्त्वाचा असून दुकानांत याचीच चौकशी कोणी करीत नाहीं. ज्यांना लिहावयाचें त्यांनीं स्वतः दुकानांत जावें, चष्मा लावून फोन हातीं घ्यावा, आणि तेथेंच मराठींत दहा ओळी लिहून पाहाव्या. अक्षरें पुरेशीं मोठीं करतां येतात काय, जोडाक्षरें सहज उमटतात काय, आडवें पडून लिहितांना मनगट दुखतें काय, हें पाहावें. फोनचें वजन दोनशें ग्रॅमच्या फार पुढें असेल, तर थकलेल्या हाताला तें जाणवल्यावांचून राहणार नाहीं. ज्यांना बोटानें लिहिणें जमत नाहीं, त्यांना बोलून लिहिण्याची सोय सांगितली जाते. ती सोय उत्तम आहे; परंतु कित्येकदां ती इंटरनेटवर अवलंबून असते. म्हणून दुकानांतच 'फ्लाईट मोड' लावून तिची परीक्षा घ्यावी. तेव्हां ती मुकी झाली, तर झाडींतहि ती मुकीच राहणार हें उघड आहे. अशा वेळीं आवाज नुसता ध्वनिमुद्रित करून ठेवावा, आणि मजकूर पुढें कोणीतरी उतरून घ्यावा. साधारण प्रतीच्या ध्वनिमुद्रणास तासाला सुमारें ३० एम. बी. जागा लागते, रोजच्या दहा मिनिटांस ती कांहींच नव्हे.

जागेवरून आठवलें. २५६ किंवा ५१२ जी. बी. चा फोन नसेल तर प्रवासाचें वर्णन मावणार नाहीं, अशी भीति घरांतील तरुण मंडळी घालतात. थोडें गणित करून पाहूं. तीनशें शब्दांच्या मराठी पानांत सुमारें २,००० अक्षरचिन्हें येतात. युनिकोडच्या प्रचलित पद्धतींत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाईट लागतात. म्हणजे एक पान ६ के. बी. चें झालें. दीडशें दिवस रोज एक पान लिहिलें, तरी सारी रोजनिशी ९०० के. बी. भरते. आजच्या साधारण फोनवर घेतलेलें एकच छायाचित्र ३-४ एम. बी. चें असतें. साऱ्या परिक्रमेची रोजनिशी एका छायाचित्राच्या तिसऱ्या हिश्श्यांत मावते ! तेव्हां मोठ्या सांठ्यासाठीं पैसे मोजावयाचे असतील तर ते छायाचित्रांसाठीं मोजावे लागतात, लिखाणासाठीं नव्हे.

याचा अर्थ छायाचित्रें नकोत असा नाहीं. स्थानदर्शनाची परवानगी दिलेली असली, तर प्रत्येक छायाचित्राच्या पोटांत वेळ, तारीख आणि अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. रोज एक चित्र मुक्कामाच्या जागेचें व एक यजमानांचें, त्यांस विचारून घेतलें, तर रोजनिशीला तो भक्कम आधार होतो. त्याला एकच चांगला कॅमेरा पुरतो. जबलपूरचे चित्रकार व लेखक अमृतलाल वेगड हे १९७७ सालापासून टप्प्याटप्प्यानें नर्मदेच्या कांठानें चालले, आणि त्यांनीं शब्दांच्या जोडीला रेखाटनें केलीं. तीं रेखाटनें पाहणाऱ्यास कळून येईल कीं, साधन साधें असूनहि पाहणारी नजर थोर असूं शकते.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे येऊं : लिहिलेलें टिकेल काय ? याविषयीं आम्हांस विशेष कळकळ वाटते. १८९७ सालीं आंद्रे नांवाचा स्वीडिश संशोधक दोन सोबत्यांसह फुग्यांत बसून उत्तर ध्रुवाकडे निघाला. तिघेहि परतले नाहींत. १९३० सालीं, म्हणजे तेहतीस वर्षांनीं, एका बर्फाळ बेटावर त्यांचे अवशेष सांपडले. त्यांत रोजनिशीच्या वह्या होत्या, आणि त्या वाचतां आल्या. छायाचित्रांच्या फिल्मा होत्या, त्यांतूनहि नव्वदांवर चित्रें मिळालीं. त्या तिघांचे अखेरचे दिवस जगाला कळले ते या वह्यांमुळें. आजचा एखादा फोन तेहतीस वर्षें असाच पडून राहिला तर काय होईल ? त्याची बॅटरी केव्हांच मेलेली असेल. आंतील सांठवणींतील सूक्ष्म विद्युत्प्रभार काळानें गळून जातो, म्हणजे अक्षरेंहि पुसट होणार. आणि यांतून कांहीं वांचलें, तरी आजच्या फोनमधील सर्व मजकूर कुलुपी लिपींत असल्यामुळें पासकोड ठाऊक नसणाऱ्याला त्यांतलें एक अक्षरहि मिळणार नाहीं. वही सांपडली तर कोणीहि वाचतो. फोन सांपडला तर कोणासहि वाचतां येत नाहीं. हा भेद पायीं जाणाऱ्यानें व त्याच्या घरच्यांनीं ओळखावा.

उपाय अवघड नाहीं. पहिली गोष्ट ही कीं, फोनचा पासकोड घरांतील एका विश्वासू व्यक्तीला लिहून द्यावा. हें बोलणें कोणास अशुभ वाटेल. परंतु आपले वाडवडील यात्रेस निघतांना देण्याघेण्याची निरवानिरव करूनच निघत, त्यांत त्यांना अशुभ कांहीं वाटलें नाहीं. दुसरी गोष्ट, लिखाण कोणत्याहि एका ॲपच्या मुठींत ठेवूं नये. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजीं मिटलें, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्यें मिटलें. ज्यांनीं तेथील आपलें लिखाण वेळींच उतरून घेतलें नाहीं, त्यांचें तें गेलें. म्हणून फोन घेतांनाच एक परीक्षा करावी. ज्या ॲपांत लिहिणार त्यांत पांच ओळी मराठी लिहून, साध्या मजकुराच्या फाईलरूपानें त्या दुसऱ्या जातीच्या फोनवर पाठवाव्या. तेथें त्या जोडाक्षरांसह जशाच्या तशा उघडल्या, तर निश्चिंत व्हावें. देवनागरीला १९९१ पासून युनिकोडांत स्थान आहे. त्यापूर्वी, व पुढेंहि बरींच वर्षें, निरनिराळ्या फॉण्टांची जी निरनिराळी व्यवस्था होती, तिच्यांत लिहिलेल्या फाईली आज उघडल्या तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उभी राहते. तसा प्रसंग नातवंडांवर येऊं देऊं नये.

तिसरी गोष्ट नकलांची. फोन नदींत पडूं शकतो, चोरीस जाऊं शकतो. मेमरी कार्डाची जागा असलेला फोन मिळाल्यास पसंत करावा. महागड्या फोनांतून ती जागा बहुधा काढून टाकलेली असते, आणि येथें मध्यम किमतीचाच फोन श्रेष्ठ ठरतो. परंतु फोन गेला तर कार्डहि त्याच्याच सोबत जाणार. यास्तव आठवड्यांतून एकदां, जेथें नेटवर्क मिळेल तेथून, रोजनिशीचा मजकूर घरीं पाठवावा. आपल्या एकत्र कुटुंबांतून या कामास माणसांची उणीव नाहीं. एखाद्या नातीला दप्तरदार नेमावें. तिनें आलेला मजकूर तारीखवार लावावा, ध्वनिमुद्रणें उतरून घ्यावीं, आणि परिक्रमा पुरी झाल्यावर सर्व कागदावर छापून त्याची बांधीव वही करावी. फोन हें वाहन झालें. मुक्कामाचें घर ही वहीच होय.

घरच्या मंडळींस एक विनंति करावीशी वाटते. प्रवाशाकडून रोजच्या रोज वृत्तान्ताची अपेक्षा धरूं नये. कुटुंबाच्या समूहावर टाकलेल्या चार ओळी सर्वांसाठीं असतात, आणि त्यांत माणूस सहसा "सर्व ठीक" असेंच लिहितो. पायाला फोड आले, मन खचलें, परत फिरावेंसें वाटलें, देवाचा राग आला, हें तो लिहितो तें स्वतःसाठीं. दप्तरदार नातीनेंहि मजकूर जपावा, पण त्याची चर्चा परवानगीवांचून करूं नये. सुखरूप असल्याचा एक शब्द रोज मिळाला, कीं घरच्यांनीं समाधान मानावें. उरलेली वीज आणि उरलेलें बळ लिहिण्यास राहूं द्यावें.

अखेरची सूचना. निघण्याच्या आदल्या दिवशीं नवा फोन हातीं देऊं नये. निदान एक महिना आधीं तो घ्यावा, आणि रोज संध्याकाळीं फिरून आल्यावर त्यावर दहा ओळी लिहिण्याचा सराव करावा. घरांत चांगला वापरांतला फोन असेल, तर नव्याच्या मागें न लागतां त्याची बॅटरी बदलून घेणें पुष्कळदां अधिक शहाणपणाचें ठरतें. आणि यांतलें कांहींहि घेतलें, तरी सोबत एक लहान वही व शिसपेन्सिल असावीच. पेन्सिलीचें लिखाण पाण्यानें शाईसारखें पसरत नाहीं, तिला वीज लागत नाहीं, आणि ज्या दिवशीं फोन हट्टास पेटेल त्या दिवशीं तीच उपयोगी पडते.

परिक्रमा करून आलेल्या माणसाचें पाऊल घरांत पडतें, तेव्हां आपण त्याचे पाय धुतों, त्याला ओवाळतों. त्याच्यासोबत त्या शेंकडों अनोळखी घरधन्यांचीं नांवेंहि सुखरूप घरीं यावींत. त्यांचें ऋण फेडतां आलें नाहीं, तरी त्यांचें स्मरण पुढच्या पिढीच्या हातीं राहावें. फोन निवडतांना आमच्या वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, म्हणजे दुकानांतील झगमगाटानें त्यांची निवड चुकणार नाहीं.